तलावाची पूर्वेची कड

पळसटोल्याचा तलाव वीस वर्षं बेशरमाच्या झुडपांनी गिळला होता. सडक अर्जुनीहून आठ किलोमीटर आत, धानाच्या बांध्यांमध्ये पसरलेला तो जुना मालगुजारी तलाव. पण पाळीवर उभं राहिलं तरी उघडं पाणी दिसायचं ते खळ्याएवढं. बाकी सगळं पोकळ दांड्यांचं हिरवं रान. ढोरं त्याला तोंड लावत नसत आणि मासे त्याच्या मुळांत वाढत नसत. दोन हजार आठ साली गावानं समिती केली. अध्यक्ष झाले केशोराव कापगते, पण पाण्यात उतरल्या त्या बाया, आणि त्यांच्या पुढं भागीरथा शहारे. तीन उन्हाळे त्यांनी बेशरम मुळासकट उपटलं, वाळवलं, जाळलं. फुटकी पाळ बांधून घेतली, सांडवा हातभर उंच केला. मग दुसऱ्या तलावांतून कमळाचे कंद, शिंगाड्याचे वेल आणि देवधान, म्हणजे कोणी न पेरता पाण्यात उगवणारं रानधान, असं सगळं आणून एकेक रोप चिखलात पायानं दाबून लावलं.

चौथ्या हिवाळ्यात पाखरं परत आली. टिबुकल्या, अडया नावाची रानबदकं, जांभळ्या पाणकोंबड्या. पलीकडच्या बांधीत सारसाची एक जोडी उतरायला लागली. तिच्यामागं गोंदियाहून कॅमेरेवाले आले आणि कॅमेरेवाल्यांच्या मागं योजना आली. तलावाला पूर्ण फेरी घालणारी बाराशे मीटरची पायवाट करायची. तीही अशी, की म्हाताऱ्या माणसाला दम लागू नये, दिवस गेलेल्या बाईला जपून पाय टाकावा लागू नये आणि चाकाच्या खुर्चीतलं माणूससुद्धा एकाच हाताच्या ढकलण्यानं फिरून यावं.

काम पाहायला अतुल नावाचा ओव्हरसियर होता, तिशीच्या आतला. रोज पहाटे कुडव्याहून मोटारसायकलनं निघायचा. त्याची आई लकव्यानं पाच वर्षं खुर्चीत होती. तिची जुनी खुर्ची त्यानं टेम्पोत घालून पळसटोल्याला आणली होती. मुरूम टाकून धुमसून झाला की त्या खुर्चीत सिमेंटची गोणी ठेवायची आणि नवा तुकडा स्वतः ढकलत जायचं. खुर्ची जिथं अडली तिथला मुरूम पुन्हा उकरायला लावायचा. मजूर कुरकुरायचे, पण कामाला नाव ठेवायची सोय नव्हती.

मुरमावर पाणी शिंपडायचं काम चैतराम उईकेकडे होतं. सत्तरी गाठलेला, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा गोंड म्हातारा. बायको वारून सात वर्षं झाली होती. घरी मुलगा आणि सून. कुदळ मारायचं वय गेलं, तरी हातात काहीतरी असावं म्हणून सकाळी झारी घेऊन यायचा आणि दुपारी भाकर खाऊन पाळीवरच्या सावलीत बसायचा.

उत्तरेचा आणि पाळीवरचा भाग पुरा झाल्यावर कार्तिकात अतुलनं पूर्वेच्या कडेवर चुन्याची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो, तर रेघ पुसलेली. रानडुकरं लोळली असतील, असं म्हणून त्यानं पुन्हा मारली. ती पण गेली. तिसऱ्या दिवशी तो अंधुक उजेडातच येऊन एका झाडाआड थांबला. थोड्या वेळानं चैतराम आला. चपला बाजूला काढून ठेवल्या आणि अनवाणी पायानं, घाई न करता, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत गेला.

अतुल समोर आला तेव्हा तो दचकला नाही. उभा राहिला फक्त.

"काकाजी, हे काय लावलंय?" अतुल म्हणाला. "दोन दिवस मी डुकरांना शिव्या देऊन राहिलो."

"तेथून नको नेऊ रस्ता."

"काऊन?"

"नको नेऊ."

अतुलनं त्याला बसवून समजावलं. तलावाच्या हद्दीत या बाजूला बाकी सगळी जमीन चढ-उताराची आहे, सपाट जागा ही एवढीच. इथून वाट नेली नाही तर फेरी पुरी होणार नाही, अर्ध्यातून मागं फिरावं लागेल. वरून नेली तर इतका चढ येईल की खुर्ची ढकलणाऱ्याचे हात सुटतील. चैतरामनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाला.

गोष्ट केशोरावपर्यंत गेली आणि त्यांनी त्याला ग्रामपंचायतीत बोलावलं. पाच-पंचवीस माणसं जमली होती. केशोराव तोंडाचे फटकळ, पण मनानं वाईट नाही. त्यांनी सरळच विचारलं, की पोराच्या नावानं तिकडं अतिक्रमण करायचा विचार आहे का. कोणीतरी हसलं. दुसरं कोणी म्हणालं, बुढ्याचं डोकं फिरलं आहे, त्याला पाणी शिंपायलाही ठेवू नका. चैतराम भिंतीला टेकून, हात गुडघ्यांत घालून बसला होता. त्याला उत्तर देता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य चाळीस वर्षं त्याच्या तोंडातून बाहेर पडलं नव्हतं आणि आता ते कसं काढायचं हेच त्याला सुधरत नव्हतं. दोन दिवसांनी जेसीबी बोलवायचं ठरलं. सभा उठली.

पूर्वेच्या त्या कडेवर गावची लेकरं पुरलेली होती.

मोठ्या माणसांच्या जागा जातीजातीच्या वेगळ्या होत्या. कापगत्यांची नदीकडे, गोंडांची जंगलाच्या वाटेवर, बौद्धांची तिसरीकडे. पण दात येण्याआधी, चालायला लागण्याआधी गेलेल्या लेकरासाठी कोणी वेगळी जागा केली नव्हती. ती सगळी या एका कडेला यायची. खड्डा खोदायचा चैतरामच्या बापानं आणि बाप थकल्यावर चैतरामनं. लेकराचा बाप ते पदराच्या नाहीतर धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आणायचा. दोघं पुरुष यायचे, दोघंच परत जायचे. वर माती सारखी करायची, खूण ठेवायची नाही. त्या जागेला गावानं नावसुद्धा दिलं नव्हतं. पुढं बायका बाळंतपणाला दवाखान्यात जायला लागल्या, लेकरं जगायला लागली, आणि जी गेली ती दुसरीकडे ठेवली गेली. मग बेशरम वाढलं. ते बाप एकेक करून गेले. नव्या पिढीला ती कड म्हणजे नुसती झुडपांची जागा होती.

खोदायला जायच्या पहिल्या दिवशी बापानं चैतरामला एक गोष्ट बजावली होती. लेकराच्या मायला जागा सांगायची नाही. कितीही रडली तरी नाही, मरेपर्यंत नाही. एकदा जागा कळली की तिचे पाय तिकडेच वळत राहतात आणि घरातली जिवंत लेकरं उपाशी राहतात. चैतरामनं हा शब्द पाळला. स्वतःच्या हातानं त्यानं एकोणीस लेकरं ठेवली होती आणि प्रत्येकाची जागा त्याला ठाऊक होती, एका वाकड्या मोहाच्या झाडापासून मोजलेल्या पावलांनी. मोह वठून पडला होता, पण पावलं त्याच्या अंगात होती.

सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चैतराम भागीरथाच्या अंगणात गेला. ती सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. तीन वर्षं पाण्यात उभं राहून तिचे गुडघे गेले होते. आता बसलेली उठायला तिला हाताचा टेकू लागायचा. तिनं त्याला बसायला सांगितलं, पाणी आणायला सुनेला हाक मारली. चैतराम ओट्याच्या कडेला बसला. पाणी प्यायला. तेंदूच्या पानाचा आवाज तेवढा येत होता.

"बाई," तो म्हणाला, "तलावाच्या त्या कडेले लेकरं हायेत."

"कोनाचे?"

"सगळ्यांचेच. तुमचंबी."

भागीरथाचे हात थांबले. हातातली बिडी अर्धी वळलेली होती. ती तिनं पुरी वळली, तोंड मुडपलं, दोरा बांधला आणि सुपात ठेवली. मग तिनं विचारलं, मशीन कधी येणार. उद्या सकाळी, तो म्हणाला. आणखी कोणाकोणाची आहेत ते तिनं विचारलं, आणि चैतरामनं ओट्यावर बसून, बोटं न मोजता, घरांची नावं घेतली. गोंडांची घरं, शहारे-बन्सोडांची घरं, ढिवरांची, आणि कापगत्यांची. कापगत्यांचं त्याच्या बापानं पुरलं होतं. तेव्हा तो लहान होता आणि पाण्याचा गडू घेऊन मागं गेला होता. शेवटी पदर कमरेला खोचून भागीरथा भिंतीला धरून उठली.

"जा तुमी घरी," ती म्हणाली. "बाकीचं मी पाहातो."

दुसऱ्या दिवशी जेसीबी पाळीखाली येऊन थांबलं, तेव्हा पूर्वेच्या कडेवर भागीरथासकट अकरा बाया उभ्या होत्या. साठीच्या, सत्तरीच्या, एकीला तर डोळ्यांनी दिसतही नव्हतं. कोणी घोषणा दिली नाही. त्या नुसत्या उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, एकमेकींपासून दोन-दोन हातांवर. अतुलनं ड्रायव्हरला इंजीन बंद करायला लावलं. गावात बोलावणं गेलं, माणसं धावत आली, त्यात केशोरावही आले. आणि त्याच वेळी उत्तरेकडून, नव्या वाटेनं, अतुलची ती खुर्ची येताना दिसली. रात्रभर ती शाळेच्या पडवीत ठेवलेली असे. तीत सिमेंटची गोणी नव्हती. केशोरावची आई होती. दोघी सुना ढकलत होत्या आणि ब्याऐंशी वर्षांची ती बाई दोन्ही हातांनी कडा धरून ताठ बसली होती. मुरूम संपला तिथं खुर्ची रुतली. सुनांनी तिला हाताखाली धरून उचललं आणि बायांच्या रांगेत आणून उभं केलं.

केशोरावनं विचारलं, "आई, तू कायले आली?"

"तुयाहून मोठा हाय तेथ," म्हातारी म्हणाली. "वरीसभराचा नोहोता झाला."

केशोराव साठ वर्षांचे होते. आपण घरातले थोरले, असं ते आयुष्यभर समजत आले होते आणि थोरल्यासारखे वागत आले होते. थोड्या वेळानं खाली वाकून त्यांनी चपला काढल्या आणि हातात धरून तसेच उभे राहिले. मागच्या माणसांनीही मग काढल्या. सभेत हसलेला माणूस त्यांच्यातच होता.

सगळ्यांचे डोळे चैतरामकडे वळले. तो बाजूला, झारी पायाशी ठेवून उभा होता. कोणीतरी म्हणालं, बुढ्याला जागा ठाऊक असतील, दाखवू दे ज्याच्या त्याच्या. पण केशोरावच्या आईनंच मान हलवली. मला नको सांगू, ती म्हणाली. इथं आहे, एवढं कळलं, पुरे झालं. दुसरीही तेच म्हणाली. एकेक करून बायांनी नकार दिला. इतकी वर्षं न कळण्यातच काढली होती, आता उघडून पाहायचा धीर कोणाला नव्हता. भागीरथा मात्र हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. वाट पुरी होऊ दे, एवढंच ती चैतरामजवळून जाताना बोलली.

जेसीबी परत गेलं. अतुल त्या दिवशी कागद मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बांधावर बसून होता. त्याला फेरी तोडायची नव्हती आणि चढही चालणार नव्हता. शेवटी एकच मार्ग निघाला: कडेच्या मागून, केशोरावच्या बांधीतून, लांब वळसा घालायचा. वाट शंभर मीटरनं वाढणार होती आणि बांधीचा चांगला पोटाचा तुकडा जाणार होता. विचारायला अतुल घाबरत होता. केशोरावनं पुरं ऐकूनही घेतलं नाही. उद्याच दोरी लाव, म्हणाले. वळशावर अतुलनं खुर्ची चार वेळा ढकलून पाहिली, तीन वेळा मुरूम उकरला. तिथं चबुतरा बांधावा, पाटी लावावी, असंही पुढं कोणी सुचवलं. बायांनी ऐकलं नाही. ती कड तशीच राहिली, गवताची, कुंपणाशिवाय. वाट तिच्या मागून वळून जाते, एवढंच.

पौषात फेरी पुरी झाली. उद्घाटनाला गोंदियाहून मोटारी आल्या, फीत कापली गेली, शाळेच्या मुलांनी पाखरांची नावं म्हणून दाखवली. चैतराम त्या दिवशी घरीच राहिला. नंतरच्या आठवड्यात एका सकाळी भागीरथा काठी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. दव अजून सुकलं नव्हतं. चला, ती म्हणाली.

दोघं पाणी सोडायच्या तुडुमापासून निघाले. भागीरथा काठी टेकत सावकाश चालत होती आणि चैतराम तिच्या पाण्याकडच्या बाजूनं, अर्धं पाऊल मागं. वाट खरंच सोपी होती. दोन्ही बाजूंना दगडाच्या कडा, दर शंभर पावलांवर पाठ टेकायला बाक. अशा वाटेवर पाय आपोआप पडत जातात आणि डोळे मोकळे राहतात. तीन वर्षं भागीरथानं हा तलाव कमरेपर्यंतच्या पाण्यातून पाहिला होता, वाकून, हात चिखलात घालून. वरून, सरळ उभं राहून, तिनं तो आजच पाहिला. कमळाच्या पानांवरून एक लांब बोटांचं पाखरू पान न बुडवता चालत होतं. देवधानाच्या वाळलेल्या काड्यांत पाणकोंबड्या कुरकुरत होत्या. मधल्या उघड्या पाण्यात अडयांचा थवा, चार-पाचशे तरी, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. एका पाटीवर पाखरांची चित्रं होती. भागीरथा साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. तिनं अक्षराला अक्षर लावून दोन नावं वाचली. चैतरामला वाचता येत नव्हतं. तो चित्राकडे पाहून म्हणाला, पाय लाल दाखवले ते बरोबर आहेत.

दुसऱ्या बाकावर ते बसले, तिसऱ्यावरही बसले. वळसा सुरू झाला तिथं भागीरथा थांबली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं.

चैतराम वाट सोडून गवतात उतरला. ती मागं आली. पडलेल्या मोहाच्या बुंध्याजवळ तो थांबला, पाठ त्याला लावली आणि पावलं टाकायला लागला. बाविसाव्या पावलाला तो पाण्याच्या कडेला पोचला. अजून नऊ पावलं उरली होती.

त्यानं हात लांब करून पाणी दाखवलं. देवधानाचा एक दाट पुंजका होता, तिथं.

भागीरथाला लगेच कळलं नाही. ती हाताच्या दिशेनं पाहत राहिली. मग तिला सांडवा आठवला. तो उंच करायचा हट्ट तिचाच होता. पाणी फेब्रुवारीच्या पुढं टिकावं म्हणून, आणि तेच पाणी कडेवर चढलं होतं. आणि तो पुंजकाही तिला आठवला. पाण्याची ही बाजू तिनं आणि आणखी दोघींनी लावली होती. उन्हाळा होता, पाणी पोटरीएवढं. दिवसभर ती तिथं उभी राहिली होती, वाकली होती, रोपं पायानं दाबली होती, आणि हसलीही होती, कारण दुसरी एक जण चिखलात बसकण मारून पडली होती.

"मी येथ उभी होती," ती म्हणाली.

"होय."

"पाय पडला असन माया."

"नाई," चैतराम म्हणाला. "खोल हाय. मी कमरेएवढं खोदलं होतं. वर दगड ठेवला, चपटा, आनि मग माती. पाय नाई पोचत."

तिनं विचारलं, कशात गुंडाळलं होतं. हिरव्या लुगड्याचा पदर होता, त्यानं सांगितलं, काठ फाडून काढलेला. तिनं मान हलवली. ते लुगडं तिचंच होतं आणि पदर कोणी फाडला हे तिला घरात कधीच कोणी सांगितलं नव्हतं. आणखी काही झालं का, तिनं विचारलं. चैतरामनं आठवून सांगितलं, की भोजराजनं खाली बसून त्रिसरण म्हटलं होतं. मधेच त्याला शब्द आठवेनात, मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. जाताना तो चैतरामच्या खांद्याला धरून चालला. भोजराज, भागीरथाचा नवरा, बारा वर्षांपूर्वी गेला होता. या दिवसाबद्दल त्यानं तिच्याजवळ आयुष्यात एक अक्षर काढलं नव्हतं. रडलाही नाही, असा राग तिच्या मनात चाळीस वर्षं होता.

ती गवतात बसली. गुडघे वाकवताना तिच्या तोंडून कण्हणं निघालं. चैतराम उभाच राहिला. ती बोलली तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मी रोप लावून रायली होती तेव्हा तू पारीवर होता. झाडाखाली बसून पाहून रायला होता. मले आठवते."

"होय."

"सांगाले का झालं होतं तुले?"

एरवी ती त्याला तुमी म्हणायची. चैतरामनं बापाचं बोलणं सांगितलं, जसं त्याला बजावलं होतं तसं, शब्दाला शब्द.

"तुया बापाच्या पोटातून निघालं होतं का एखांदं?" ती म्हणाली.

तो वाकून खाली बसला, तिच्यापासून जरा दूर. ऊन वर आलं होतं. अडया मधूनच एकदम उठल्या, तलावावरून एक फेरी घेतली आणि पुन्हा तिथंच उतरल्या. मग चैतराम बोलायला लागला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. बुधियाची, म्हणजे त्याच्या बायकोची, दोन लेकरं त्यानं इथंच ठेवली होती, दोन वर्षांच्या अंतरानं. बुधियानं तेव्हा विचारलं नाही. मरायच्या आधी, खाटेवर असताना, एकदाच विचारलं. तो म्हणाला, विसरलो. बापाचा शब्द म्हणून म्हणाला. तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि तीन दिवसांनी ती गेली. विसरलो म्हटलं ते तिनं खरं धरलं, की खोटं, हे त्याला कळलं नाही. आता कळायची सोय नाही.

"म्हनून यंदा चुना पुसला," तो म्हणाला. "त्याच्या आधी डोकंच चाललं नाई."

काठी रोवून भागीरथा उठायला लागली. उठता येईना, तेव्हा त्यानं हात पुढं केला आणि तिनं तो धरला. ती वाटेवर आली. वळसा संपला, दक्षिणेची बाजू लागली, एक बाक गेला, दुसरा गेला. पाळीचं टोक दिसायला लागलं, तिथून घरं शे-दोनशे पावलांवर होती. तिथं ती थांबली.

"बुधियाचे कुठी हायेत?" तिनं विचारलं. "तेबी पान्यात?"

"नाई. कोरड्यात हायेत. मोहाच्या मांगं, सात पावलांवर. दोनी शेजारी शेजारी."

"मंग मघाशी काऊन नाई दाखवले?"

त्याला सुचलं नव्हतं. या जागा दाखवायच्या असतात त्या बायांना, आणि बुधिया तर नव्हती. त्यानं तसंच सांगितलं.

भागीरथानं मागं पाहिलं. वळसा चांगला चारशे पावलं मागं राहिला होता. तिनं काठी या हातातून त्या हातात घेतली आणि वाटेनं उलटी चालायला लागली. चैतराम म्हणाला, गुडघे दुखतील, उद्या येऊ. ती थांबली नाही. दोन बाकांवर बसत बसत ती पुन्हा त्या कडेला पोचली आणि या वेळी तिनं त्याला पुढं जायला लावलं. मोहाच्या मागं सात पावलं टाकून तो थांबला. गवत तिथं इतर ठिकाणासारखंच होतं. त्यानं बोटानं एक जागा दाखवली, मग दुसरी.

भागीरथा तिथं उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले. काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही. आपलं म्हणाली की बुधियाच्या वतीनं, हेही त्यानं विचारलं नाही. तो मोहाच्या बुंध्यावर बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला रडू आलं. आवाज न करता तो बराच वेळ रडला आणि भागीरथानं मागं वळून पाहिलं नाही.

त्या सालापासून थंडीत भागीरथा फिरायला आलेल्यांना तलाव दाखवते. देवधान कोणतं, कमळाचा कंद कसा लावतात, कोणतं पाखरू कुठं घरटं करतं, हे सांगत ती बाकाबाकाला थांबत जाते. एकदा अतुल आईला घेऊन आला होता, तेव्हा खुर्ची भागीरथानंच थोडी ढकलली. वाट इथं एवढी लांब का वळली, असं लोक विचारतात. कोणाला ती सांगते, कोणाला नाही. अकरापैकी तीन बाया पुढं एकेकट्या येऊन चैतरामला जागा विचारून गेल्या. त्यानं तिघींनाही दाखवल्या, आणि त्यांतली एक पाण्यात होती तेही सांगितलं. केशोरावची आई मात्र शेवटपर्यंत विचारायला आली नाही.